पाण्यातल्या कानाचे टोपडे

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारा माईक, जेमतेम मुठीएवढा. कारखान्यात मला काळे रबर चढवून वायर जोडली, तेव्हा तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "ऐकायचं सगळं, विश्वास कशावरच ठेवायचा नाही." ते मी आजवर पाळले आहे.

माझी नेमणूक एका बंदरात झाली. तिथे समुद्रात लोखंडी खांब ठोकत होते. जवळच डॉल्फिनच्या माद्या पिलांना घेऊन येत. पिलू आईला तिच्या शिळेवरून ओळखते. घणाच्या दणक्यात ती शीळ बुडाली, की पिलू भरकटते. म्हणून एका वकीलबाईंनी दावा लावला : पिले लहान आहेत तोवर घण थांबवा.

कंपनीचा साहेब कोर्टात सांगे, "माईकवर आवाज फारसा नाहीच." असेल कसा? पाण्यात सोडण्यापूर्वी तो मला जाड, फुगीर टोपडे घालायचा. पुसायचा, गोंजारायचा. एवढे लाड पाहून मला वाटे, कुठेतरी पाणी मुरते आहे. पण मला कान आहे, तोंड नाही.

शेवटी न्यायाधीश म्हणाले, "मीच येऊन ऐकतो." होडी वकीलबाईंच्या मावशीची होती. साहेबाने मला घालायला टोपडे बाहेर काढताच मावशी म्हणाली, "का हो, सर्दी झालीय का त्याला?"

"नाजूक असतो, मावशी."

"समुद्रात राहतो आणि नाजूक?"

"मावशी, थांब जरा," वकीलबाई म्हणाल्या. "साहेब, हे रोज घालता?"

"रोज! लेकरासारखं जपतो."

"मग आज उघडाच सोडू."

साहेबाचे हसू तिथेच विरले.

मी उघडा पाण्यात गेलो. घण पडला आणि न्यायाधीशांनी हेडफोन कानांवरून उपटले. पुन्हा लावले, तेव्हा दोन दणक्यांच्या मधे एक बारीक शीळ आली. पुन्हा आली.

"हे कोण?"

"पिलू. आईला हाक मारतंय."

घण थांबवला. बराच वेळ काही नाही. मग लांबून दुसरी शीळ आली.

"सापडली गं बाई!" मावशी म्हणाली.

पिले मोठी होईपर्यंत दर वर्षी घण बंद ठेवायचा हुकूम झाला. माझे कौतुक झाले, आणि मग सगळे मला विसरले. आता अंगावर शिंपले चढलेत, कमी ऐकू येते. परवा साहेबाने मला वर ओढले, शिंपले पाहिले आणि तसेच परत सोडले. म्हणाला, "राहू दे. बरा आहे असाच."

मित्रांनो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. समुद्र शांत आहे असे कुणी सांगितले, तर आधी मला वर ओढा, शिंपले खरवडा, आणि मगच ऐका.