पंचांगाबाहेरचं थालीपीठ

मीनाक्षीचं दुकान पंचांगावर चालायचं. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समागे तिची एवढीशी जागा. एकादशीच्या आदल्या दिवशी उपासाची भाजणी, संकष्टीला मोदकाची पिठी, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी मंडळींना तिथीचा निरोप. तेवढ्या जाहिरातीवर धंदा छान चालला. पण केंद्र सरकारातली ती पिढी एकेक करून निवृत्त झाली आणि कोथरूडला जाऊन बसली. आता निरोपाला उत्तरं यायची ती तिकडूनच, "वा मीनाक्षीताई, तोंडाला पाणी सुटलं." सुटून काय उपयोग? पीठ दिल्लीत पडून होतं.

तिचे यजमान सूर्यकांतही निवृत्त झालेले. "दिवाळीपर्यंत बघ," ते म्हणाले, "नाहीतर गाशा गुंडाळू. पुण्याचा फ्लॅट आहेच."

दिल्लीत मीनाक्षी आली नवऱ्याच्या बदलीमुळे, पण दुकान तिने स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं. ते सोडायची तिची मुळीच तयारी नव्हती.

भाची अपूर्वा मानेसरला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. मीनाक्षीने तिलाच धारेवर धरलं. "तिकडे पुण्याची एवढी मुलं आहेत म्हणतेस, मग एकही इकडे का फिरकत नाही?"

"मावशी, तू मेसेज टाकतेस, परवा एकादशी. यार, आमच्यात उपास करतं कोण? आम्हाला शिफ्ट कळते, तिथी नाही. भल्या सकाळी बस आणि हातात बिस्किटांचा पुडा."

मीनाक्षीला राग आला. पण रागापेक्षा तो पुडाच जास्त सलत राहिला.

सोमवारी उजाडता उजाडता गुरुग्रामला, अपूर्वा राहते त्या पीजीसमोर कंपनीची बस थांबते तिथे, मीनाक्षीने टेबल मांडलं. शेगडी, तवा, लोण्याचं भांडं. एका पुठ्ठ्यावर हिंदीत ठळक लिहिलं, 'बस आने से पहले तैयार'. भाजणीचा खरपूस वास सुटला तशा मोबाइलमध्ये खुपसलेल्या माना वर झाल्या. चाकणहून आलेल्या सिद्धांतने पहिलं थालीपीठ उभ्या उभ्या संपवलं आणि विचारलं, "काकू, उद्या आहात ना?" मागून हरियाणवी पोरं पुढे सरकली. "आंटी, दो देना." शेवटी ड्रायव्हरसुद्धा इंजिन बंद करून रांगेत आला.

मग मीनाक्षीने निरोपच बदलले. 'रात्रपाळीवाल्यांनो, कडबोळी तयार.' 'रविवारची सुट्टी? भाजणीचं पाकीट घरी न्या.' दसऱ्यापर्यंत तिला दोन बायका मदतीला घ्याव्या लागल्या.

एका सकाळी सूर्यकांत स्वतः बघायला आले. रांग सोडून सरळ पुढे गेले, तर एका मुलीने अडवलं, "अंकल, लाइन में." ते मुकाट्याने मागे गेले. पाळी आल्यावर थालीपीठ घेतलं, बाजूला उभं राहून खाल्लं आणि पुण्याच्या एजंटला फोन लावला.

"फ्लॅट भाड्याने देऊन टाका," ते मोठ्याने म्हणाले. "नाही, आम्ही येत नाही. हिचा इथे धंदा आहे."

मीनाक्षी हसली. पण वळणावर दुसरी बस दिसत होती, तिने पुढचं थालीपीठ थापायला घेतलं.