सहा नंबरच्या बाई

मुलीला नर्सिंगला घालण्यात आईचा फायदा काय, याचा हिशेब पहिल्यांदा मांडला तो आत्याने, आणि तिच्या हिशेबात तो सरळ तोटा निघाला.

"लोकांची बेडपॅनं उचलायला एवढं शिकवायचं? पोरगी पांढऱ्या कपड्यांत छान दिसेल वहिनी, नाही कोण म्हणतंय. पण घरी कधी दिसेल?"

"दिसेल हो वन्सं," आई म्हणाली आणि विषय बदलला.

आईचा स्वतःचा हिशेब वेगळा होता आणि तो तिने कुणाला दाखवला नाही. बारकी परक्यांना उठवायला शिकेल, बसवायला शिकेल, पुसायला, विंचरायला शिकेल. मग म्हातारपणी आपल्याला अंगण लांब पडायला लागलं की तेच हात घरात असतील. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून आईच्या पाठीवर हात ठेवणारं असं घरात कुणी नव्हतं. कामाची माणसं येत, दूधवाला येई, आत्या रोज येई. पण आत्याचा हात चहाच्या कपापलीकडे सहसा जात नसे.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी हिशेब अगदी आईच्या मनासारखा चालला. कॉलेजात सरावाला एक प्लॅस्टिकची बाई असे. सुट्टीत घरी आलं की तिच्या जागी आई. बारकीचं मत असं, की प्लॅस्टिकवालीपेक्षा आई बरी, कारण आई जिवंत आहे. आणि आईपेक्षा प्लॅस्टिकवाली बरी, कारण ती रक्तदाब मोजताना मधेच "गॅस बंद केलास का बघ" असं म्हणत नाही. रोगी अंथरुणात असतानाच त्याच्याखालची चादर बदलायची, असा एक धडा होता. त्यासाठी आईला या कुशीवर वळव, जुनी चादर पाठीशी गुंडाळ, नवी पसर, मग त्या कुशीवर वळव. धुतलेल्या चादरी संपल्या तरी सराव संपेना, कारण आईच म्हणे, "कोपरा नीट बसला नाही बघ. पुन्हा कर."

अंग पुसायचा धडा आला तेव्हा आई लाजली. बारकीने बादलीत कोपर बुडवलं, कपडा पिळला आणि शिक्षिकेने पाठ करून घेतलेलं वाक्य म्हटलं, "पाणी फार गरम नाही ना?"

"नाही गं," आई म्हणाली, आणि डोळे मिटून पडून राहिली. आत्या दारात उभी राहून बघत होती. "चैन आहे बाई एकेकीची," म्हणाली.

दुसऱ्या वर्षापासून सुट्ट्या आटल्या. वॉर्डातली ड्युटी, मग रात्रपाळी, मग परवान्याची परीक्षा. फोन यायचा, तो भात चढवून उतरवायच्या आत संपायचा. त्याच परीक्षेचं वेळापत्रक लागलं त्या आठवड्यात आईच्या उजव्या बरगडीखाली पहिली कळ आली. गल्लीतल्या डॉक्टरने सांगितलं, पित्ताशयात खडे आहेत, काढून टाका, आपल्याच गावात होईल, दोन दिवसांत घरी.

"परीक्षा होऊ दे तिची," आई म्हणाली.

परीक्षा झाली. बारकी पास झाली, परवाना आला. "नोकरी लागू दे." मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी लागली, पहिले सहा महिने उमेदवारीचे, मग कायम. आता आईकडे सबब उरली नव्हती, म्हणून तिने नवी काढली. "सर्जिकल वॉर्डात ड्युटी लागू दे तिची." आत्याला तेव्हा लख्ख उमगलं की ही बाई मुलीसाठी थांबलेली नाही, मुलीच्या हातांसाठी थांबली आहे. कळ आली की आई उशी पोटाशी धरून बसे, आणि आत्या ओरडे, "खडे आहेत वहिनी, मोती नाहीत साठवून ठेवायला!"

यथावकाश तीही लागली. अडचण एकच होती. बारकीने फोनवर गंमत म्हणून सांगितलं होतं, तिच्या मैत्रिणीचा काका भरती झाला तर मैत्रिणीलाच दुसरीकडे हलवलं. आपल्या माणसाचं आपण करायचं नाही, तिथला नियम. आपल्या माणसावर हात थरथरतो म्हणे.

तेव्हा आई एके दिवशी बारकीला न कळवता आत्याला घेऊन बसमध्ये बसली. नोंदणीच्या खिडकीवर तिने सांगितलं: दुखणं पंधरा दिवसांचं, मूलबाळ कुणी नाही, नातेवाईक ही नणंद. आडनाव असं, की वॉर्डात त्याच आडनावाच्या आणखी दोघी होत्या, त्यामुळे तिकडून धोका नव्हता. एक ते सहा नंबरच्या खाटा बारकीकडे असत, आणि आईला मिळाला सहावा. तेवढं नशीब. बाकी सगळं तिचं स्वतःचं कर्तृत्व.

सकाळी बारकी वॉर्डात आली आणि सहा नंबरपाशी थिजली.

"सिस्टर," आई म्हणाली, "जरा पाणी देता का?"

"आई, हे काय..."

"हळू बोला सिस्टर. लोक झोपलेत."

बारकीने पाणी दिलं. तिथेच इन्चार्ज सिस्टरांकडे जाऊन सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण आई तिच्याकडे अशी बघत होती, जशी बारकी लहानपणी जत्रेतल्या पाळण्याकडे बघायची. एक फेरी, बास. बारकीने ग्लास विसळून जागेवर ठेवला आणि ती कामाला लागली.

मग आईने सगळं वसूल केलं. चादर बदलून घेतली. उशी दोनदा सरळ करून घेतली. ऑपरेशनच्या आधी बाईमाणसाच्या दोन वेण्या घालतात, म्हणजे टोपीत केस नीट बसतात. बारकी मागे बसून वेण्या घालत होती आणि आई शाळेत निघालेल्या मुलीसारखी ताठ बसली होती. पिकलेले, विरळ केस. वेण्या दोऱ्याएवढ्या झाल्या.

"दुखतंय का बाई?" बारकीने मोठ्याने विचारलं, इन्चार्ज सिस्टर जवळून जात होत्या म्हणून.

"नाही हो सिस्टर. हलका आहे हात तुमचा. कुणी शिकवलं?"

"होती एक बाई घरी. फार कटकट करायची."

आई हसली, आणि हसता हसता तिने वळून बारकीची दुमडलेली कॉलर सरळ केली.

सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला आत्या आली, आणि कोपऱ्यात बारकीला गाठून तिने मनातलं बोलून घेतलं. "तुझी परीक्षा काय, तुझी नोकरी काय, ही वर्षभर उशी पोटाशी धरून बसली गं. आता तरी नीट बघ तिच्याकडे."

"वर्षभर? कागदावर पंधरा दिवस आहेत!"

आत्याने जीभ चावली.

बारकी शिकली होती, त्यामुळे पुढचं तिला आपोआप दिसलं. वर्षभर पुन्हा पुन्हा सुजलेलं पित्ताशय आजूबाजूला चिकटलेलं असणार, एखादा खडा नळीत उतरलेला असणार. पंधरा दिवसांचं समजून दुर्बिणीने करायला गेले तर आत भलतंच निघेल. ती थेट इन्चार्ज सिस्टरांकडे गेली. त्या डॉक्टरांना घेऊन सहा नंबरपाशी आल्या.

"मावशी, किती दिवस दुखतंय? खरं सांगा."

"पंधरा दिवस," आई म्हणाली. "या सिस्टरांचा काहीतरी गैरसमज झालाय. नवीन आहेत ना."

आईने बारकीकडे बघितलं नाही. वर्षभराचं दुखणं कबूल केलं तर ऑपरेशन पुढे जाईल, आणि आठवड्याभराने बारकीची ड्युटी दुसऱ्या वॉर्डात, हे तिने कालच गप्पांत काढून घेतलं होतं.

डॉक्टर बारकीकडे वळले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

बारकीला एवढंच ठरवायचं होतं. गप्प राहिली तर आई तिची पेशंट राहील. ऑपरेशननंतर शुद्धीवर येईल तेव्हा कपाळावर तिचाच हात असेल. किंवा कदाचित शुद्धीवर येणार नाही.

"माझ्या आत्याने," ती म्हणाली. "ही माझी आई आहे."

बाजूच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. आईने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"मला वेण्या घालतानाच शंका आली होती," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "अनोळखी पेशंट कधी सिस्टरची कॉलर नीट करते होय?" मग आवाज बदलून, "उद्यापासून तू सात ते बारा बघ. आणि काल बोलली नाहीस, ते मला वर कळवावं लागेल."

नवीन तपासणी झाली आणि नळीत खडा निघालाच. ऑपरेशन चार दिवस पुढे गेलं, आणि दुर्बिणीच्या तीन भोकांऐवजी पोटावर वीतभर टाके आले. आई शुद्धीवर आली तेव्हा कपाळावर हात होता तो दुसऱ्या सिस्टरचा. उंच, हसरी, कामाला चोख. तिच्या कामात आईला खोट काढता आली नाही, याचाच तिला जास्त राग आला.

ड्युटी संपल्यावर बारकी साध्या कपड्यांत, इतर नातेवाइकांसारखी खुर्चीवर येऊन बसे. भेटीच्या वेळात मुलीला कोण अडवणार? पण खुर्चीवर बसल्यावर हातांचं काय करावं ते तिला कळेना.

"केस विंचरून देऊ?"

"सकाळी त्या सिस्टरने विंचरलेत." थोड्या वेळाने आई म्हणाली, "दमली असशील. जा तू."

"रागावलीस?"

"रागवू कशाला? तू नर्स झालीस. मीच केलं ना तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सहा आणि सातच्या मधला पडदा ओढलेला होता. सात नंबरला ऐकायला कमी येणाऱ्या एक आजी होत्या. पडद्यामागे बादली ठेवल्याचा आवाज आला, मग कपडा पिळल्याचा. आईने मान तिकडे वळवली नाही.

"पाणी फार गरम नाही ना?"

आजींना ऐकू गेलं नाही. वाक्य पुन्हा आलं, जरा मोठ्याने.

"नाही गं," आई अलीकडून म्हणाली.

पलीकडे क्षणभर सगळं थांबलं, आणि मग कपडा पुन्हा फिरायला लागला, आता सावकाश.

तेव्हा शेवटची बेरीज अशी. आत्याचा हिशेब बरोबर निघाला, पण ती कुठे बोलली नाही. नियमाचं नियमाला मिळालं. इन्चार्ज सिस्टरांनी वर कळवलं आणि बारकीचं कायम होणं पुढे गेलं. आईचा जीव वाचला आणि पोटावर वीतभर खूण राहिली. ज्यासाठी वर्षभर कळा सोसल्या, ते कोमट पाणी सात नंबरच्या आजींच्या पाठीवरून गेलं, आणि त्यांना त्याबद्दल काहीच द्यावं लागलं नाही. भरलं ते पडद्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, या मायलेकींनी.