शेवटची पाच मिनिटं

"गुडघा दुखतोय हो माझा," ती म्हणाली.

"काल दोनदा जिना चढलीस, तेव्हा नव्हता दुखत?" बुटांना पॉलिश करता करता त्याने विचारलं. "कडेच्या खुर्च्या घेतल्यात. खुशाल पाय लांब करून बस."

"आणि त्या बँकवाल्या बाईंची पँट? उद्या सकाळी हवीय त्यांना."

"हातशिलाई तेवढी राहिलीय, आल्यावर करशील. अगं, किती फाटे फोडशील? चौतीस वर्षं लोकांना खुर्च्यांवर बसवलं, आज मी बसणार. तुझ्या शेजारी. सिनेमाच्या पाट्या सुरू झाल्यापासून दिवे लागेपर्यंत!"

दिवे लागेपर्यंत! तेच तर तिला नको होतं. पण बोलते कोणाला? मुकाट्याने उठली आणि केस विंचरायला लागली.

तिचा नवरा थिएटरात डोअरकीपर होता. सगळं गाव त्याला बॅटरीकाका म्हणायचं. सिनेमा सुरू झाला की पहिली वीस मिनिटं उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात जागा दाखवायची आणि शेवटची पाच मिनिटं बाहेर येऊन चारही दारांच्या कड्या काढून उभं राहायचं, हे त्याचं काम. त्यामुळे हजारभर सिनेमांचे मधले भाग त्याला तोंडपाठ, आणि पुढचं-मागचं काही म्हणता काही ठाऊक नाही. ते ती सांगायची. नोकरांच्या घरच्यांना दर सिनेमाला एक पास मिळे. ती सोमवारी दुपारी जाऊन यायची आणि जेवताना त्याला सगळं साग्रसंगीत ऐकवायची. त्याने थिएटरात सक्त ताकीद देऊन ठेवली होती, "शेवट मला कोणी सांगायचा नाही. तो मी घरी ऐकतो." आधी सगळे हसले, मग तीच रीत पडून गेली. नवखा कोणी बोलायला लागला की कँटीनवाला मोठ्याने खाकरायचा.

त्याला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. आता थिएटरने जुन्या प्रेमपटांचा आठवडा लावला होता, रोज एक. सात सिनेमांतून ह्या पठ्ठ्याने नेमका पुलाचा निवडला. बुकिंगवाला फुकट सोडत होता, तरी रांगेत उभा राहून तिकिटं काढली.

पुलाच्या सिनेमाचा शेवट तिने त्याला खोटा सांगितला होता.

तो सिनेमा लागला त्या वर्षी त्यांना मुलगी झाली आणि अकराव्या दिवशी गेली. पुढे त्या घरात पाळणा हलला नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी तो कामावर हजर झाला. रडला नाही, बोलला नाही, ताटातलं अन्न चिवडून उठायचा. तीन आठवड्यांनी त्यानेच पास आणून दिला, जाऊन ये म्हणाला. ती गेली. पूल बांधणारा तो इंजिनिअर, पलीकडच्या काठावरची ती शाळेतली बाई. पूल पुरा होतो, तो धावत पलीकडे जातो, आणि ती आदल्या दिवशीच तापाने गेलेली असते. अंधारात तिने तोंडात पदर कोंबला आणि पोटभर रडून घेतलं. रात्री तो घरी आला आणि दारातच थांबला. "मग? पोचतो का गं तो?" तीन आठवड्यांत त्याने विचारलेला पहिला प्रश्न!

"पोचतो की," तिच्या तोंडून निघून गेलं.

आणि एकदा निघाल्यावर ती थांबलीच नाही. दोघांचं लग्न होतं, नदीकाठी घर बांधतात, त्यांना मुलगी होते. दोन वेण्यांची. दप्तर घेऊन पुलावरून पळत येते, तिथे सिनेमा संपतो.

"मग लोक डोळे पुसत बाहेर येतात ते?"

"आनंदाने हो!"

त्या दिवशी तो पोटभर जेवला. नंतरही अधूनमधून विचारायचा, "ती पोरगी कुठल्या बाजूने येते गं पळत?" आणि ही बिचारी आठवून आठवून सांगायची, डावीकडून.

आज ते सगळं उघडं पडणार होतं. म्हातारपणी नवऱ्यासमोर खोटं ठरायचं, हे एक. पण त्याचं काय होईल, ह्या काळजीने तिचा जीव टांगणीला लागला होता.

पाट्या सुरू झाल्या तसा तो सावरून बसला. उशिरा आलेल्या जोडप्याला नवा डोअरकीपर मोबाइलच्या उजेडात जागा दाखवत होता. "डोळ्यांत मारतोय लेकाचा, पायाशी मार की!" हा पुटपुटला. मागून कोणीतरी शुक् केलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांना गप्प करणारा माणूस, पोरासारखा ओशाळला. तिला हसू आलं.

मध्यंतरात सांगून टाकू, तिने ठरवलं होतं. तो दोन चहा घेऊन आला. चेहरा असा खुलला होता की तिच्याने बोलवेना. "सुरुवात तू सांगितलीस तश्शीच आहे," तो म्हणाला. "शब्दन् शब्द!"

"अहो, शेवटी फार गर्दी होते. जरा आधी निघू या का?"

"वेडी की काय? सगळी दारं सताड उघडतात. मला सांगतेस?"

इंजिनिअर पुलावरून धावायला लागला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. मग दार वाजल्याचा आवाज. मग रिकामी खोली, हे तिला न बघताही कळलं. शेजारून श्वाससुद्धा ऐकू येईना. तिने डोळे उघडले. तो पुढे झुकून पडद्याच्या डाव्या कडेकडे बघत होता.

"आता पोरगी येईल," तो हळूच म्हणाला.

पडद्यावर रिकामा पूल दिसत राहिला. संगीत थांबलं, दिवे लागले. लोक नाकं ओढत उठले. तो हलला नाही.

"अहो," ती म्हणाली, "चुकलं माझं. तुम्ही जेवत नव्हता. मला दुसरं काही सुचलं नाही."

तो पडद्याकडेच बघत म्हणाला, "म्हणजे तू त्या दिवशी हे बघितलंस. एकटीने."

"हो."

"आणि घरी येऊन मला ते सांगितलंस."

"हो."

"रडली असशील."

"खूप."

"मी विचारलंसुद्धा नाही गं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "पोचतो का तो, एवढंच विचारत बसलो."

तिने त्याचा हात घट्ट धरला. त्याचे खांदे हलत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला रडताना ती पहिल्यांदाच बघत होती. नवा डोअरकीपर दारापर्यंत आला, त्याने दोघांना पाहिलं आणि पाठ करून उभा राहिला.

बऱ्याच वेळाने नवऱ्याने मुलीचं नाव घेतलं. ते त्यांनी दोघांनी मिळून ठरवलं होतं, आणि त्या अकरा दिवसांनंतर घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

"तिचे केस किती होते गं?" त्याने विचारलं. "मला नीट आठवतच नाही."

"खूप होते," ती म्हणाली. "काळेभोर. कानांवर यायचे." आणि ती त्याला सांगू लागली. ह्या वेळी त्यातलं एक अक्षरही तिला जुळवावं लागलं नाही.