शिक्का शनिवारचा

मित्रांनो, मी एक जुनी टपालपेटी आहे. एकेकाळी लालभडक होते. आता रंगाचे पोपडे निघालेत आणि कावळे सोडले तर माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही.

माझा रस्ता म्हणजे दोन प्रांतांची हद्द. समोरच्या फुटपाथवर माझ्यासारखीच एक पेटी आहे, ती पलीकडच्या प्रांताची. दोघींचे पोस्टमन वेगळे, सुट्ट्याही वेगळ्या. ऐन उमेदीत माझं पोट दुपारपर्यंत गच्च भरायचं. लोक म्हणायचे, "हिच्यात टाकलं की पोचलंच समजा." ते ऐकून मी फुगून जायचे.

कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईंचाही माझ्यावर भरवसा होता. त्यांच्या वडिलांनी अंथरूण धरलं होतं आणि एकच धोसा लावला होता, मुलाला बोलवा. भाऊ दूर खाणीवर कामाला. तिथे टपालाशिवाय काही पोचत नसे. एका गुरुवारी सकाळी ताईंनी त्याच्या नावाचं पत्र माझ्यात टाकलं. आमच्या प्रांताला गुरुवार-शुक्रवार सुट्टी आहे, हे आजारपणाच्या धावपळीत त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

समोरची पेटी मात्र वेळेवर उघडली. दहा पावलांवर! शुक्रवारी ताईंनी तिथल्या पोस्टमनला गाठलं.

"भाऊ, खाणीवर पत्र किती दिवसांत जातं हो?"

"दोन दिवस. कधी टाकलंत?"

"काल सकाळी."

"मग उद्या मिळेल की! काळजी सोडा, ताई."

कोणत्या पेटीत टाकलं, हे त्याने विचारलं नाही. जाताना ताईंनी माझ्यावरून हात फिरवला. पत्र माझ्या पोटातच होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी माझं कुलूप निघालं आणि पत्रावर शनिवारचा शिक्का बसला. रविवारी वडील गेले. मंगळवारी भाऊ आला तो पाकीट हातात घेऊनच.

"गुरुवारी टाकलं म्हणतेस? हा शिक्का बघ! मुद्दाम उशिरा कळवलंस."

"अरे, सुट्टी होती रे. माझ्या लक्षातच..."

"मग समोरची पेटी काय लांब होती?"

खरं काय ते मला ठाऊक होतं. पण मला तोंड आहे ते नुसतं पत्रं गिळायला.

भावाने संबंध तोडले. ताईंच्या पत्रांना उत्तर येईना, तेव्हा त्यांनी लिहिणंच सोडलं. तरी दर सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी त्या येतात आणि माझ्या तोंडावर पुठ्ठा बांधतात: 'उद्या इथलं टपाल निघणार नाही. समोर टाका.' हल्ली त्यांची बोटं थरथरतात, गाठ नीट बसत नाही.

मित्रांनो, माझ्यापाशी आलात तर पत्र टाकण्याआधी घटकाभर थांबा. पुठ्ठा सुटून खाली पडला असेल, तर तेवढा पुन्हा बांधा.