दुर्गेश्वरीचं जर्मन दुःख

“पोराच्या जेवाच्या पाटावर आपलं तोंड कोरून राहिली. आन भाताचा चमचाबी पळवला,” अनुसयाबाई सुपातल्या तांदळाला सांगत होत्या, पण आवाज नेमका हातभरावर बसलेल्या सुनेच्या कानात पडेल एवढा.

सुनेनं, म्हणजे दुर्गेश्वरीनं, ऐकलं आणि चमचा घासत राहिली. खाली शाई लावलेला पाट, त्यावर कागद, कागदावर चमच्याची पाठ. सौंदडसारख्या खेड्यात छपाईचं यंत्र कुठून आणणार? पाट सागवानी होता, तिचा नवरा योगराज इतकी वर्षं त्यावर बसून जेवल्यानं गुळगुळीत झालेला. त्याला जाऊन येत्या आठवड्यात वर्ष होणार होतं.

हे खूळ तिच्या मुलाच्या, तिलकच्या, मोबाइलमधून आलं. शंभर वर्षांमागे एका जर्मन बाईनं लाकडात कोरून छापलेला स्वतःचा चेहरा त्यात होता. सगळा काळोख, आणि काळोखातून वर आलेले दोन थकलेले डोळे. दुर्गेश्वरी बघतच राहिली. दुःख असावं तर असं. तिला वाटलं, विधवा तर आपण आहोतच, आपल्याला का जमू नये? गोंदियात बायकांनी काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, बरसीला, म्हणजे वर्षश्राद्धाला, आलेले पाहुणे ते बघायला जाणारच होते. तिथे आपला दुःखी चेहरा टांगला, की वर्षभर तिच्या तोंडाकडे टकामका बघणाऱ्या नात्यागोत्याचं एकदाचं समाधान होईल.

पहिला छाप निघाला तोच हसत.

तसे ओठ मिटलेले होते. पण चेहरा असा, की भर कीर्तनात महाराजांचं धोतर सुटलंय आणि पहिल्या रांगेतली ही बाई कशीबशी गंभीर राहिली आहे.

दुर्गेश्वरीनं छिन्नी घेतली आणि डोळ्यांखाली सुरकुत्या वाढवल्या. इथेच फसली. पेन्सिलीनं रेघ ओढली की कागद काळा होतो. लाकडात कोरली की तिथे शाईच लागत नाही, रेघ पांढरी उमटते. दुःखाच्या सुरकुत्या डोळ्यांभोवती किरणांसारख्या फाकल्या. कपाळावर आठ्या कोरल्या, तर कपाळ उजळलं. गाल खोल केले, तर खळ्या पडल्या. कोरून काढलेलं लाकूड काही परत बसवता येत नाही. जितकं रडवायला जावं तितकी बाई जास्त खिदळायची, आणि शेवटी तिच्याकडे बघून दुर्गेश्वरीच पोट धरून हसत सुटली.

हसणं ऐकून शेजारची राजकुमारी आली. तिनं बराच वेळ बघून कान छान झालाय म्हणून सांगितलं. तिलकनं कागदाची तारीफ केली, मग हळूच म्हणाला की प्रदर्शन काय, पुढल्या वर्षीही भरेल. बरसी होऊन जाऊ दे. तोंडाबद्दल दोघांनी अवाक्षर काढलं नाही.

दुर्गेश्वरीचं हसू मावळलं. त्यांना काय दिसलं ते तिलाही आता दिसलं. योगराज वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही. फक्त त्याला हसण्याचा आवाज सोसत नसे. अंगणात त्याची गाडी वाजली, की घरातलं हसू रेडिओसारखं बंद व्हायचं. या वर्षात ते पुन्हा कधी सुरू झालं, तिचं तिलाही कळलं नव्हतं. त्या पाटानं मात्र सांगून टाकलं होतं. आणि हे चारचौघांत टांगायचं?

तिनं छाप उलटा करून दिवाणाखाली सरकवला. नाही पाठवत, म्हणाली. तिलकनं सुटकेचा निःश्वास टाकला.

“इकडे आण,” अनुसयाबाई म्हणाल्या.

त्यांनी कागद खिडकीशी नेला, हात लांब करून धरला. बघता बघता त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. पदरानं डोळे पुसून त्यांनी कागद सुनेच्या हातात दिला.

“पाठव.”

“लोक काय म्हणतील, माय?”

“म्हणतील, योगराज गेला आन बायको हसाले लागली. खोटं हाय काय?”

तिलक दाराबाहेर बघू लागला. राजकुमारीनं पुन्हा कानाकडे नजर लावली.

“माह्या पोटचा होता. रडू येतेच मले त्याच्यासाठी,” अनुसयाबाई म्हणाल्या. “पण तो गेला आन घर मोकळं झालं, दुर्गा. मीबी हसूनच राहिली वर्षभर. तुह्यापासून लपून.”