कडूवेलीची परीक्षा

आत्याच्या दुकानात शिरलं की आधी नाकाला काम लागायचं. बाजारामागच्या आडगल्लीतली ती जेमतेम खोलीभर जागा. भिंतीशी बरण्यांची उतरंड, छताला उलट्या टांगलेल्या पाल्याच्या जुड्या आणि दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल असा खलबत्ता. खोकल्यापासून केस गळण्यापर्यंत सगळ्यावर आत्याकडे काही ना काही होतं, पण तिचा जीव होता तो कडूवेलीवर. त्या वेलीच्या सुकवलेल्या पानांचा काळाकुट्ट काढा ती रोज सकाळी उभ्यानेच घशाखाली ढकलायची आणि दुसऱ्यांनाही द्यायची.

"आतडं कसं लख्ख राहतं," ती सांगायची. "याच्या वाटेला तो आजार जायचा नाही."

तो आजार म्हणजे आतड्याचा कॅन्सर. आत्या त्याचं नाव घेत नसे. त्याने तिच्या वडिलांना नेलं आणि पुढे धाकट्या भावालाही. तो भाऊ म्हणजे मुंगीचे बाबा.

मुंगी हे नाव आत्यानेच पाडलेलं. ही पोर लहानपणी एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की हाकलली तरी पुन्हा त्याच वाटेने यायची, म्हणून मुंगी. आता ती एका संशोधन संस्थेत काम करत होती. आजारी पेशी काचेच्या बाटल्यांत वाढवायच्या, त्यांना खाऊ घालायचं, त्यांच्यावर वेगवेगळी औषधं घालून बघायची, असं तिचं काम. बाबा गेल्यावर तिने मुद्दाम आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी मागून घेतल्या होत्या. आत्याशी मात्र त्या विषयावर ती बोलायची नाही. बाबांनीही महिनोन्महिने तोच काढा घेतला होता आणि 'मूळव्याध असेल' म्हणत डॉक्टरकडे जायचं टाळलं होतं. तो विषय निघाला असता तर दोघींपैकी एकीला रडू फुटलं असतं.

मग एक दिवस कोपऱ्यावरचा गॅरेजवाला दुकानात आला तेव्हा मुंगी तिथेच बसली होती. हात पुसत, इकडेतिकडे बघत तो हळूच म्हणाला, "काकू, शौचाला रक्त पडतंय. काही द्या."

आत्याने बरणी खाली काढली सुद्धा.

"थांब आत्या," मुंगी उठली. "दादा, तुम्ही आधी डॉक्टरला दाखवा. आतून तपासणी करून घ्या. हे अंगावर काढू नका."

गॅरेजवाला गोंधळला, मान हलवली आणि रिकाम्या हाताने निघून गेला. आत्याने बरणीचं झाकण असं लावलं की काच तडकते की काय असं वाटलं.

"माझ्याच दुकानात बसून माझं गिऱ्हाईक पळवतेस?"

"तो काढा काम करतो कशावरून?"

"करत नाही कशावरून? तुला माहीत आहे?"

"नाही माहीत," मुंगी म्हणाली. "पण तुलाही माहीत नाही."

"मग शोध की!" आत्याचा आवाज गल्लीत गेला. "एवढी शिकलीस ती कशाला? त्या बाटल्यांशी खेळायला? घाल हा काढा तुझ्या त्या पेशींवर आणि ये मला सांगायला."

 मुंगीने हात पुढे केला. "दे. पण तोवर रक्ताची तक्रार घेऊन जो येईल त्याला तू डॉक्टरकडे पाठवायचं. शब्द दे."

"दिला," आत्या म्हणाली आणि कडूवेलीच्या पानांची पिशवीच तिच्या अंगावर टाकली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई कमी बोलायच्या. मुंगीचं सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "कर. अशा पानामुळांतून आधीही औषधं निघाली आहेत. पण घरचं माणूस मध्ये आलं की आपले डोळे आपल्याला हवं ते बघतात. कुठल्या बाटलीत काढा आणि कुठल्या बाटलीत नुसतं काळं रंगवलेलं पाणी, ते तुला कळणार नाही. खुणा मी करीन."

मुंगीने पानं दळली, उकळली, गाळली, पुन्हा गाळली. बाईंनी खुणा केलेल्या बाटल्यांतून थेंब थेंब पेशींवर घातले आणि पेशींच्या बाटल्या उबेच्या कपाटात ठेवल्या. काही दिवसांनी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काही बाटल्यांत पेशी नेहमीसारख्या तळाला चिकटून पसरल्या होत्या. बाकीच्यांत मेलेल्या पेशींचा नुसता चुरा तरंगत होता. बाईंनी खुणा उलगडल्या. चुरा होता तो काढ्याच्याच बाटल्यांत.

मुंगीला राहवेना. तिने जिन्यातूनच आत्याला फोन लावला. "आत्या, मेल्या! सगळ्या मेल्या!"

"कोण मेल्या गं बाई?" आत्या घाबरली. मग समजल्यावर नुसतंच म्हणाली, "बघ. बघ, मी म्हणत नव्हते?" तिचा आवाज मात्र कापत होता.

मुंगी परत आली तेव्हा बाई तिथेच उभ्या होत्या. "निरोगी आतड्याच्या पेशींवर घातलास का हाच काढा?"

नव्हता घातला. घातला, तर त्याही मेल्या. आजारी, निरोगी, सगळ्या सारख्याच.

"एवढा दाट, एवढा आम्लयुक्त काढा," बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याऐवजी साबणाचं पाणी घातलं असतंस तरी हेच दिसलं असतं."

मुंगीचा चेहरा पडला.  पण दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने नवीन पानं दळायला घेतली. बाईंनी विचारलं, "काय करतेस?"

"त्यातलं आम्ल काढून टाकते. पातळ करते. शिवाय काढ्यातले घटक वेगवेगळे करून एकेक घालून बघते. त्यात काही असेल तर सापडेल, नसेल तर नाही म्हणून सांगता तरी येईल."

बाईंनी तिच्यासाठी अर्धं कपाट रिकामं करून दिलं.

आता आत्याला खरं काय ते सांगणं भाग होतं. मुंगी गल्लीत शिरली आणि जागच्या जागी थबकली. दुकानाच्या दारावर नवी कोरी पाटी लटकत होती. ठसठशीत लाल अक्षरं: 'कॅन्सर मारणारा काढा. प्रयोगशाळेत सिद्ध.'

मुंगीने आतून स्टूल ओढलं, वर चढली आणि पाटी खाली उतरवली.

"अगं ए! डोकं फिरलंय का तुझं?" आत्या धावत बाहेर आली.

"निरोगी पेशीही मेल्या, आत्या. सगळ्याच मेल्या. त्याचा अर्थ काहीच सिद्ध झालं नाही. मी घाईने फोन केला, ते चुकलं. पण ही पाटी वाचून एखादा तपासणीला जायचा थांबला तर?"

"माझी जन्मभराची अक्कल तू..." आत्याने पाटी हिसकावायला हात घातला, पण तिचा हात दाराच्या चौकटीवर गेला. ती तशीच चौकटीला धरून टेकली आणि हळूहळू स्टुलावर बसली. दोन पावलं धावल्याने तिला धाप लागली होती.

मुंगीने तिच्याकडे नीट पाहिलं, बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं. ओठ पांढरे पडलेले. मनगटातलं कडं पार कोपराकडे सरकत होतं.

तिने पाटी भिंतीशी ठेवली आणि आत्यासमोर उकिडवी बसली. "आत्या, तुला रक्त जातंय का?"

आत्याने तोंड फिरवलं. 

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून," आत्या म्हणाली. "काढा दुप्पट केला मी. तरी थांबेना." तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "तुला काय वाटलं, त्या दिवशी मी रागाने पिशवी फेकली? वाटलं, तू काही तरी शोधून काढशील. तू म्हणालीस की काढा चांगला, तर मग मला... मला ते दुसरं काही करावं लागणार नाही."

मुंगीला ओरडावंसं वाटत होतं, रडावंसंही. तिने यातलं काहीच केलं नाही. दुकानाचं दार ओढलं, कुलूप लावलं आणि म्हणाली, "चल. उद्या नाही, आत्ता."

"अगं, मला लाज वाटते. नळी घालतात म्हणे."

"नळीला नाही वाटत लाज. तिचं कामच ते आहे."

आत्याला एवढ्या दुःखातही हसू आलं, आणि हसत असतानाच ती उठली.

तपासणीला दोन दिवसांनी बोलावलं; आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागलं. पहिल्या घोटालाच आत्याने तोंड वेडंवाकडं केलं. "माझ्या काढ्याला नावं ठेवता आणि हे काय अमृत आहे?" पण प्याली, शेवटच्या थेंबापर्यंत.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सरळ बोलणाऱ्या. आतड्यात एक मोठी गाठ होती. तिचा तुकडा तपासल्यावर कॅन्सरच निघाला. "पण अजून आतड्याच्या भिंतीबाहेर गेलेला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तेवढा भाग काढून टाकू. आणखी वर्षभराने आला असतात तर मी हे इतक्या सहज बोलले नसते. आणि तो काढा बंद करा. ऑपरेशनच्या वेळी रक्त वाहायचं थांबलं नाही तर पंचाईत होईल."

"काढ्याने रक्त वाहतं?" आत्याने भुवया चढवल्या.

"माहीत नाही. म्हणूनच बंद करा."

आत्या मुंगीकडे वळून पुटपुटली, "हिलाही माहीत नाही, तुलाही नाही. सगळा कारभार आंधळाच." पण काढा तिने त्याच दिवशी बंद केला. घरात उरलेला मोरीत ओतताना मुंगीला तिने आत येऊ दिलं नाही. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "बाबा तुझा," ती म्हणाली, "मीच पाजायचे त्याला. रोज."  मुंगीने तिला घट्ट धरून ठेवलं. विचारण्यासारखं काही नव्हतं आणि माफ करण्यासारखंही काही नव्हतं. त्या आजाराने दोघींचाही माणूस नेला होता.

ऑपरेशन झालं. आत्या अंथरुणाला खिळली, पहिल्यांदाच आयुष्यात दुसऱ्याच्या हातचं खाऊ लागली आणि त्यात मीठ कमी असल्याची तक्रार करू लागली, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

इकडे मुंगीचं काम रखडत होतं. एकदा बाटल्यांत बुरशी शिरली आणि सगळं फेकून द्यावं लागलं. एकदा वीज जाऊन कपाट थंड पडलं. काढ्याचे घटक एकामागून एक नापास होत होते. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. शेवटी एका फिकट पिवळ्या घटकाच्या बाटल्यांत काही तरी वेगळं दिसलं. आजारी पेशी मेल्या नव्हत्या, पण त्यांची वाढ मंदावली होती, आणि निरोगी पेशी तशाच धडधाकट होत्या. या वेळी तिने जिन्यात जाऊन फोन केला नाही. तिने प्रयोग पुन्हा केला. खुणा बाईंच्याच होत्या. मग बाईंनी स्वतः करून पाहिला. मग दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेकडे पानं पाठवली. त्यांना आधी काहीच दिसलं नाही, मग दिसलं, पण कमी. तेव्हा कुठे ती आत्याकडे गेली.

आत्या खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. सगळं ऐकून तिने विचारलं, "म्हणजे माझा पाला अगदीच टाकाऊ नाही?"

"नाही. पण हे बाटलीतलं झालं. माणसाच्या पोटात तो काय करतो, कुणालाच ठाऊक नाही. आधी प्राण्यांवर, मग माणसांवर. वर्षं जातील. कदाचित शेवटी काहीच निघणार नाही."

"आणि तोवर?"

"तोवर तपासणी."

 आत्या एकदम मान वळवून म्हणाली, "मग तुझी कधी?"

"माझी?"

"आजोबा, बाप, आत्या. पुढचा नंबर कुणाचा? सगळ्या जगाला नळीपाशी पाठवतेस, तू स्वतः कधी गेलीस का?"

मुंगी कधीच गेली नव्हती. इतकी वर्षं ती त्या पेशींना खाऊ घालत होती, त्यांच्याकडे रोज बघत होती, पण त्या आपल्याही आत असू शकतील हा विचार तिने मनाच्या दारातच अडवला होता. 

"भीती वाटते," ती म्हणाली.

"वाटू दे," आत्या खुर्चीचा हात धरून उठली. पोटावरचा व्रण ओढला तशी क्षणभर थांबली. "भीत भीत जायचं. चल, चप्पल घाल. आज नंबर तरी लावून येऊ."

तपासणीच्या दिवशी आत्या बाहेरच्या बाकावर ताठ बसून राहिली. शेजारच्या एका गृहस्थाने पोटाच्या तक्रारीवर घरगुती उपाय विचारला, तेव्हा तिने आधी त्याला रक्त पडतं का, घरात कुणाला झालं होतं का, वजन उतरलंय का, असं सगळ्यांदेखत मोठ्याने विचारून हैराण केलं. मुंगी बाहेर आली. आतड्याच्या अस्तरावर उगवलेले दोन बारीक कोंब डॉक्टरीणबाईंनी दिसताच काढून टाकले होते. साधेच होते, अजून त्यांचा कॅन्सर झालेला नव्हता. ते तसेच वाढत राहिले असते तर काय झालं असतं, हे दोघींनाही कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आत्याने तिची पर्स स्वतःच्या खांद्याला लावली आणि तिला हाताला धरून चालवत बाहेर नेलं.

"आज रजा आहे ना तुला?"

"दुपारपर्यंत," मुंगी म्हणाली. "मग जायचंय. पिवळ्या घटकाची नवीन खेप लावायची आहे."