उत्तरेची भिंत

जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करणाऱ्या आश्लेषाने ओल मोजायच्या यंत्राच्या सुया चित्राखालच्या गिलाव्यात पुन्हा टोचल्या. आकडा तोच आला. तिने जागा बदलली, तरी तोच.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकजवळच्या खेड्यातलं हे चर्च तेराव्या शतकातलं. उत्तरेच्या भिंतीवर आतून तेव्हाचंच एक चित्र होतं, खांद्यावर मूल घेऊन नदी ओलांडणाऱ्या संताचं. दर हिवाळ्यात त्याचे पोपडे गळत; यंदा मुलाचा चेहरा गेला होता. कारण मात्र बाहेर होतं. चुन्यात बांधलेली भिंत सातशे वर्षं ओल घेत होती आणि सोडत होती. मग कुणीतरी बाहेरचे सगळे सांधे सिमेंटने भरले आणि ओल आतच कोंडली.

कुणीतरी म्हणजे जेफने. तीन उन्हाळे, एकट्याने, फुकट. तो गेल्यावर त्याची म्हातारी बायको मॉरीन आता चर्चच्या किल्ल्या सांभाळायची आणि आश्लेषासाठी न चुकता चहा आणायची.

मॉरीनला हे कसं सांगावं ते ठरेना, म्हणून आश्लेषा दोनदा गाडीपर्यंत जाऊन परत आली. शेवटी तिने नवऱ्याला फोन लावला. अनय रीडिंग शहरात डॉक्टर होता, वाईट बातम्या रोज देणारा.

"आधी बसायला सांग," तो म्हणाला. "मग सरळ बोल. आणि मध्येच सायन्स शिकवू नकोस."

तिने मॉरीनला बाकावर बसायला सांगितलं.

"बसायला सांगतेस म्हणजे वाईटच आहे," मॉरीन म्हणाली. "जेफच्या वेळी डॉक्टरनेही असंच केलं होतं."

सिमेंट सगळं काढावं लागेल, नाहीतर चित्र जाईल, एवढंच आश्लेषाने सांगितलं. मॉरीनने चित्राकडे पाहिलं, अर्धे भरलेले कप उचलले आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आश्लेषा लवकर आली. वाटेत तिने समजुतीची दोन वाक्यं जुळवली होती. दोन्ही तिलाच खोटी वाटत होती. तेवढ्यात भिंतीमागून ठोकल्याचा आवाज आला.

मॉरीन गवतात गुडघे टेकून, छिन्नी-हातोडा घेऊन तळच्या सांध्यातलं सिमेंट फोडत होती. या भिंतीत परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नसे. शिवाय तिचे निम्मे घाव दगडावरच बसत होते. आश्लेषाने तिला थांबवायला तोंड उघडलं.

"त्याने मला कधी थापीला हात लावू दिला नाही," मॉरीन मान वर न करता म्हणाली. "म्हणायचा, तुझ्याकडून बिघडेल."

आश्लेषा हातमोजे काढत-घालत उभी राहिली. मग ती शेजारी बसली आणि तिने मॉरीनचा छिन्नीवरचा हात जरासा कलता केला.

"अशी तिरपी धरा," ती म्हणाली. "दगड वाचतो."